विमानाचा झेंडा आणि वैमानिकाचा पासपोर्ट

परक्या देशाच्या विमान कंपनीत वैमानिक म्हणून नोकरी करायची, तर वैमानिकाचा पासपोर्ट कोणता, याच्याही आधी एक प्रश्न येतो. तो ज्या विमानात बसणार ते कोणत्या देशात नोंदलेले आहे? ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या ३२व्या कलमात याचा निकाल लागलेला आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या वैमानिकाकडे त्या विमानाच्या नोंदणीच्या देशाने दिलेला, किंवा निदान त्या देशाने ग्राह्य ठरवलेला, परवाना असलाच पाहिजे. भारतात नोंदलेल्या विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात, संयुक्त अरब अमिरातीच्या विमानावर ‘ए६’, कतारच्या विमानावर ‘ए७’, सिंगापूरच्या ‘९व्ही’, ब्रिटनच्या ‘जी’ आणि अमेरिकेच्या ‘एन’. पुण्याजवळच्या वाकडच्या रस्त्यावर एमएच-१४ पाटीची गाडी नागपूरच्या काय किंवा केरळच्या काय, कोणत्याही परवान्यावर चालवता येते. पाटीवरच्या अक्षरांशी चालकाच्या परवान्याचा संबंध नसतो. विमानात नेमका तोच संबंध सगळे ठरवतो.

त्यामुळे भारतीय परवान्याचा कॅप्टन व्हीटी विमान घेऊन रोज दुबईला उतरू शकतो आणि अमिरातीच्या आकाशात त्याला कुणी अडवत नाही. पण त्याच विमानतळावर शेजारच्या जागेत उभे असलेले ए६ अक्षरांचे विमान, मग ते त्याच बनावटीचे आणि त्याच मॉडेलचे का असेना, त्याला एक फूटसुद्धा पुढे घेता येत नाही. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही: आपल्या नागरिकाने दुसऱ्या देशाकडून मिळवलेला परवाना स्वतःच्या आकाशापुरता नाकारण्याचा हक्क प्रत्येक देशाने राखून ठेवला आहे.

हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे वाढलेल्या वाकडमध्ये परदेशी नोकरी म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कंपनीला प्रोजेक्ट मिळतो, कंपनीच व्हिसाचा अर्ज करते आणि माणूस ऑनसाइट जातो. त्याला प्रोग्रॅमिंग येते की नाही, याच्याशी कोणत्याही सरकारला देणेघेणे नसते. सरकार फक्त देशात येऊ द्यायचे की नाही एवढेच ठरवते. त्याच सोसायटीतल्या वैमानिकाचे गणित मात्र निराळे असते. व्हिसा त्यालाही लागतोच. त्याशिवाय परवाना, त्या परवान्यावर विशिष्ट जातीच्या विमानाची नोंद म्हणजे टाइप रेटिंग, त्या देशाच्या नियमांप्रमाणे प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, इंग्रजीच्या पातळीची नोंद आणि विमानतळाच्या सुरक्षित भागात जाण्यासाठी लागणारी पार्श्वभूमीची चौकशी, एवढ्या गोष्टी जुळाव्या लागतात. यांतल्या बऱ्याचशा वेगवेगळ्या खात्यांच्या हाती असतात आणि एक जरी अडली तरी बाकीच्यांचा उपयोग होत नाही. युरोपात या चौकशीसाठी मागच्या किमान पाच वर्षांतले शिक्षण, नोकऱ्या आणि मधले रिकामे महिने यांचा हिशेब द्यावा लागतो.

मूळ परवाना कुठून घ्यायचा, हा प्रश्न बारावीनंतर लगेचच समोर येतो आणि त्याचे परिणाम पुढे वीस वर्षे भोगावे लागतात. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि २०० तासांचे उड्डाण लागते. शिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. पुण्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ आणि हडपसरला आहे ते ग्लायडिंगचे जुने केंद्र. त्यामुळे वाकडच्या मुलाला या तासांसाठी बारामती, धुळे, शिरपूर किंवा गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था गाठावी लागते. खर्च पन्नास लाखांच्या आत क्वचितच बसतो आणि टाइप रेटिंगचे पंधरा-वीस लाख वेगळे. हवामान चांगले आणि तास लवकर पुरे होतात, म्हणून अनेक पालक मुलांना अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंडला पाठवतात. तिथला परवाना घेऊन मुलगा परत आला की व्हीटी विमानासाठी त्याला डीजीसीएच्या परीक्षा आणि उड्डाण-चाचणी देऊन तो भारतीय करून घ्यावा लागतो. अमेरिकेत शिकल्यामुळे अमेरिकेत नोकरी मिळेल, हा समज अजून बऱ्याच घरांत आहे. तो जितक्या लवकर सोडून द्यावा तितके कर्ज कमी होते.

त्याचे कारण सरळ आहे. दोनशे-अडीचशे तासांच्या नव्या वैमानिकाला परदेशात जवळपास कुणी दारात उभे करत नाही. अशी मुले प्रत्येक देशाकडे स्वतःचीच असतात आणि ती मागे ठेवून परक्याला व्हिसा देण्याचे कारण कुठल्याही सरकारला नसते. परक्या वैमानिकाला मागणी येते ती अनुभवाच्या टप्प्यावर, म्हणजे जेव्हा देशात विमाने झपाट्याने वाढतात आणि कॅप्टन तितक्या लवकर तयार होत नाहीत तेव्हा. एअरलाइन ट्रान्सपोर्ट वैमानिकाच्या परवान्याला, म्हणजे एटीपीएलला, १,५०० तास लागतात. कॅप्टनच्या नोकरीसाठी त्याच्या दुपटी-तिपटीने तास मागितले जातात, आणि तेही लहान विमानावरचे चालत नाहीत. जाहिरातीत एकूण तास, कॅप्टन म्हणून केलेले तास, त्या जातीच्या विमानावरचे तास आणि शेवटचे उड्डाण किती महिन्यांपूर्वी झाले, हे सगळे वेगवेगळे विचारलेले असते. भारतात ए३२० आणि बोइंग ७३७ या विमानांचाच मोठा भरणा असल्याने भारतीय कॅप्टनला त्या दोन जाती वापरणाऱ्या कंपन्यांत सरळ प्रवेश सोपा जातो. एमिरेट्सकडे अनेक वर्षे बोइंग ७७७ आणि ए३८० हीच प्रवासी विमाने होती, ए३५० अगदी अलीकडे आले. तिथे जाणाऱ्याला मोठ्या विमानाचे टाइप रेटिंग नव्याने करावे लागते, आणि बहुतेकांना डावीकडची कॅप्टनची खुर्ची सोडून पुन्हा उजवीकडच्या सहवैमानिकाच्या खुर्चीत बसावे लागते.

परवाना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला व्हॅलिडेशनचा: मूळ परवाना तसाच ठेवून नव्या देशाने ठरावीक मुदतीपुरता तो ग्राह्य धरायचा. दुसरा कन्व्हर्जनचा: नव्या देशाचा स्वतंत्र परवाना काढायचा. आखाती देशांत साधारणपणे कंपनीच हात धरते. डीजीसीएकडून परवान्याची पडताळणी मागवली जाते, हवाई कायद्याची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि सिम्युलेटरवरची चाचणी होते, आणि अनुभवी एटीपीएलधारकाला स्थानिक परवाना मिळतो. युरोपीय संघात व्हॅलिडेशन जास्तीत जास्त एक वर्षाचे, अपवादात्मक गरजेपुरते असते; कायमचा परवाना हवा तर दहा हजार तासांच्या कॅप्टननेही तेरा लेखी विषयांच्या परीक्षा द्यायच्या. आणि त्या उत्तीर्ण झाल्या तरी युरोपात राहून काम करण्याचा हक्क हा वेगळा विषय राहतोच.

झेंडा बदलला की अनुभवी माणसाचीही कशी धावपळ होते, हे ब्रिटनने दाखवून दिले. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची संक्रमण मुदत २०२०च्या अखेरीस संपली, आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश परवाना युरोपसाठी तिऱ्हाईत देशाचा झाला. युरोपात नोंदलेली विमाने चालवणाऱ्या ब्रिटिश परवानाधारकांना आपला परवाना आधीच एखाद्या युरोपीय देशाकडे हलवून ठेवावा लागला. ज्यांनी हलवला नाही त्यांच्या हातचे विमान गेले. उड्डाणाचे कसब तसूभरही कमी झाले नव्हते.

अमेरिकेत परवान्यापेक्षा व्हिसा अवघड आहे. परदेशी परवान्यावरून तिथे खासगी वैमानिकाचे प्रमाणपत्र सहज मिळते, आणि १,५०० तास, वयाची तेवीस वर्षे, लेखी परीक्षा व चाचणी एवढे झाले की एअरलाइनचे प्रमाणपत्रही मिळवता येते. पण सॉफ्टवेअर इंजिनिअरला ज्या एच-१बी व्हिसाचा आधार असतो तो वैमानिकाला सहसा लागू होत नाही, कारण तो पदवी अनिवार्य असलेल्या कामांसाठी आहे आणि विमान चालवायला कायद्याने पदवी लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांसाठी ई-३ नावाचा वेगळा व्हिसा आहे. त्यावर काही प्रादेशिक कंपन्यांनी ऑस्ट्रेलियन वैमानिक घेतले. भारतीयाला मात्र आधी ग्रीन कार्ड, मग कॉकपिट, असाच क्रम आहे.

इंग्रजीच्या अटीमागे एक भारतीय शोकांतिका आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदीचे बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्युशिन-७६ आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते, ते त्याखाली उतरत गेले. सौदी विमान १४,००० फुटांवर होते. कझाक कॉकपिटमध्ये रेडिओवर बोलण्याचे काम वैमानिक करत नव्हते, ते वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होते. नियंत्रकाने सांगितलेली समोरच्या विमानाची उंची आणि आपल्याला दिलेली उंची यांत त्या कॉकपिटमध्ये गोंधळ झाला असावा, असे मानले जाते. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत इंग्रजीचे अपुरे ज्ञान हाही मुद्दा पुढे आला. अशा अपघातांच्या पार्श्वभूमीवर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, एक ते सहा अशा भाषिक पातळ्या ठरवल्या आणि ५ मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पातळी बंधनकारक केली. चौथ्या पातळीची पुन्हा परीक्षा साधारण तीन वर्षांनी, पाचवीची सहा वर्षांनी. सहावीला पुन्हा परीक्षा नाही. परीक्षा साहित्याची नाही की उच्चाराच्या नखऱ्याचीही नाही. ठरलेल्या वाक्प्रयोगांबाहेर काही घडले, उदाहरणार्थ एखादा प्रवासी बेशुद्ध पडला किंवा चाके खाली येईनात, तर ते नियंत्रकाला समजेल असे सांगता येते का, हे त्यात पाहतात. पुण्या-मुंबईच्या वैमानिकांना ही अट बहुधा जड जात नाही. परदेशी बाजारात भारतीयांना मागणी राहण्याचे हे एक कारण आहे, आणि त्याची दखल फारशी घेतली जात नाही.

निवडीची खरी कसोटी सिम्युलेटरमध्ये लागते. आधी संगणकावरच्या आकलन-चाचण्या आणि मुलाखत होते. नंतर उमेदवाराला बऱ्याचदा त्याने कधी न चालवलेल्या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये बसवतात, कारण सवयीचे हात नव्हे तर विचार करण्याची पद्धत पाहायची असते. धावपट्टीवर वेग अशा टप्प्याला पोचतो की आता थांबणे शक्य नाही, उड्डाण करावेच लागेल. नेमक्या त्या क्षणी एक इंजिन बंद पाडले जाते. विमान एका बाजूला ओढू लागते. उमेदवाराने पायाने रडर दाबून नाक सरळ ठेवायचे, घाईने एकही बटण दाबायचे नाही, सुरक्षित उंची येईपर्यंत फक्त विमान उडवायचे आणि मग सहकाऱ्याला शांतपणे चेकलिस्ट वाचायला सांगायची. त्यानंतर त्याच एका इंजिनावर, ढगांतून, उपकरणांच्या काट्यांवरून खाली यायचे. मागे बसलेला परीक्षक बघत असतो तो बोलण्याचा ढंग. सहवैमानिकाने चूक दाखवली तर कॅप्टन ऐकून घेतो की डाफरतो, यावर कित्येकदा निकाल फिरतो.

वैद्यकीय तपासणीबाबत एवढेच लक्षात ठेवायचे की भारतात ‘फिट’ ठरलेला माणूस दुसऱ्या देशात आपोआप फिट ठरत नाही. प्रत्येक देश आपली तपासणी नव्याने करतो, आणि चीनची तपासणी तर वैमानिकांच्या गप्पांत कडकपणासाठी प्रसिद्ध आहे.

परका वैमानिक ही एकतर्फी गोष्ट नाही. टाटांच्या टपाल-विमानसेवेच्या पहिल्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर आणलेले टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले ते नेव्हिल विन्सेंट यांनी. ते ब्रिटिश हवाई दलातून आलेले वैमानिक होते, आणि टाटांच्या या सेवेची कल्पना मांडणाऱ्यांतही ते होते. पुढे २००३ साली एअर डेक्कन, २००५ मध्ये किंगफिशर आणि स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो अशा कंपन्या एकामागून एक उभ्या राहिल्या आणि कॅप्टन कमी पडले. तेव्हा भारताने परदेशी वैमानिकांना ‘एफएटीए’ नावाची तात्पुरती परवानगी देऊन व्हीटी विमानांत बसवले. गृह मंत्रालयाची सुरक्षा-मंजुरी, भारतीय नियमांची चाचणी आणि मर्यादित मुदत, अशा तिच्या अटी. अमुक तारखेनंतर परदेशी वैमानिक नकोत, असे सरकारने ठरवायचे आणि तारीख जवळ आली की मुदत वाढवायची, हे बरीच वर्षे चालले. गरज पडली की बहुतेक देश असेच वागतात, म्हणून त्यात भारताला विशेष दोष देता येत नाही.

परवानगीची कटकट टाळण्याची वाट म्हणजे वैमानिकासकट विमानच भाड्याने घेणे, म्हणजे वेट लीज. २०२३ पासून काही काळ इंडिगोने इस्तंबूलसाठी टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ अशीच घेतली. विमानाचे तिकीट इंडिगोचे, पण विमान तुर्कस्तानच्या नोंदणीचे, म्हणून कॉकपिटमधला परवानाही तुर्कस्तानचाच. ३२वे कलम इथेही जसेच्या तसे लागू होते.

कंत्राटाचे कागद मात्र सावकाश वाचावेत असे असतात. पूर्व आशियात अनेक परदेशी कॅप्टन विमान कंपनीचे नोकर नसतातच. मधल्या एजन्सीशी त्यांचा ठरावीक वर्षांचा करार असतो. वीस दिवस काम आणि दहा दिवस सुट्टी अशा पद्धतीचे करारही मिळतात. त्यात कुटुंब पुण्यातच राहते आणि माणूस दर महिन्याला येतो-जातो. कोरोनापूर्वी चिनी कंपन्या परदेशी कॅप्टनना वर्षाला तीन लाख डॉलर आणि त्याहून जास्त देऊ करत होत्या. आखातात पगारासोबत घर, मुलांच्या शाळेची फी आणि तिकिटे मिळतात, वर वैयक्तिक प्राप्तिकर नाही. मात्र टाइप रेटिंगच्या बदल्यात काही वर्षांचा बॉण्ड असतो, आणि मध्येच सोडले तर प्रशिक्षणाचा खर्च परत द्यावा लागतो. ज्येष्ठतेची यादी हा आणखी एक सापळा आहे. रोस्टर, रजा, बढती सगळे त्या यादीवर चालते आणि नव्या कंपनीत माणूस, वय काहीही असो, यादीच्या तळाशी जातो.

भारतातून निघणेही एका दिवसात होत नाही. ऑगस्ट २०१७ पासून डीजीसीएच्या नियमाने कॅप्टनसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस ठेवली आहे, आणि जुन्या कंपनीची एनओसी मिळेपर्यंत पुढचे पाऊल टाकता येत नाही. २०२५ साली भारताने आयकाओसमोर आणखी पुढची मागणी ठेवली: परदेशी कंपन्या भारताचे तयार वैमानिक आणि तंत्रज्ञ उचलून नेतात, त्यासाठी देशादेशांत एक आचारसंहिता असावी. कंपन्यांची अडचण खरी आहे. पण वैमानिकांच्या बाजूनेही बोलायला हवे: कर्ज काढून शिकलेल्याला, घर चालवणाऱ्याला एक वर्ष नोटीस देऊन बसवणे हा समतोल सौदा नव्हे.

मंदी आली की पहिला घाव परक्यावर पडतो. १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईची जेट एअरवेज बंद पडली. तिच्या वैमानिकांपैकी काहींनी देशातल्या कंपन्या धरल्या, काहींनी बाहेरच्या. वर्षभराच्या आत कोरोना आला, २०२० मध्ये एमिरेट्ससह अनेक कंपन्यांनी वैमानिक कमी केले आणि चीनमधले बरेच परदेशी कॅप्टन बिनपगारी घरी बसले. आखातात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरलेल्या मुदतीत घर, मुलांची शाळा, गाडीचे कर्ज आवरून निघावे लागते. कितीही वर्षे काढली तरी नागरिकत्वाची आशा धरता येत नाही. स्थानिकीकरणाचे धोरणही वाढते आहे. सौदी अरेबियाने २०२३ पासून सहवैमानिकांच्या जागा आपल्याच नागरिकांसाठी राखण्याचे धोरण लागू केले. वयाची सीमा मात्र सर्वत्र जवळपास एकच: आयकाओने नोव्हेंबर २००६ मध्ये साठची मर्यादा वाढवली, तेव्हापासून दोन वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणात पासष्टपर्यंत.

वाकडमध्ये फ्लॅट घेऊन ठेवलेल्या आणि दुबई किंवा दोह्याला राहणाऱ्या वैमानिकाला दोन हिशेब चालू ठेवावे लागतात. एक कराचा: नोकरीसाठी देश सोडलेला भारतीय नागरिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर सामान्यतः अनिवासी ठरतो आणि परदेशातल्या पगारावर इथे कर लागत नाही. वाकडच्या फ्लॅटचे भाडे मात्र करपात्र राहते. भारतातले उत्पन्न पंधरा लाखांपुढे गेले आणि दुसऱ्या कुठल्याच देशात तो करदाता नसेल, तर त्याला निवासी धरण्याची तरतूद २०२०-२१ पासून आहे. अशा वेळी कर सल्लागाराची फी वाया जात नाही.

दुसरा हिशेब भारतीय परवान्याचा. ऑक्टोबर २०२३ मधील दुरुस्तीने व्यावसायिक आणि एअरलाइन परवान्याची मुदत पाचवरून दहा वर्षे झाली. पण परवान्याच्या कागदाला मुदत असली म्हणजे त्यावर लगेच उडता येते असे नाही. भारतीय वैद्यकीय प्रमाणपत्र, टाइप रेटिंगची चाचणी आणि अलीकडचा सराव हे सगळे चालू असावे लागते. ए६ विमानावर केलेल्या हजारो तासांची नोंद परदेशी प्राधिकरणाकडून पडताळून आणावी लागते. पंधरा वर्षांनी परत येऊन मुंबईत, किंवा द्रुतगती मार्गाने वाकडला जवळ पडणाऱ्या नवी मुंबईच्या विमानतळावर, नोकरी धरू पाहणाऱ्याला मुलाखतीपेक्षा या कागदांतच जास्त वेळ जातो. म्हणून जाणकार वैमानिक सुट्टीवर पुण्याला आला की नातेवाइकांकडे जाण्याआधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरची वेळ घेऊन ठेवतो.